काळखारची हाळी

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही आणि सांगणाऱ्याला त्याची थोडी मिजासही आहे. तर खाडीकाठच्या काळखार गावात त्या काळी चारचौघांत बोलायला घाबरणारा एकही माणूस नव्हता. एकही म्हणजे एकही नाही, एक सोडून.

कोळीण बोंबील विकायला बसली की आधी प्रास्ताविक करायची, मग विषयप्रवेश, आणि गिऱ्हाईक इतकं भारावून जायचं की बोंबील न घेताच घरी परतायचं. कोंबडीचोर सापडला तर पारावर उभा राहून असा बोलायचा की कोंबडीचा मालकच ओशाळून त्याला दुसरी कोंबडी आणून द्यायचा. पहिलीतलं पोर शाळेत उशिरा आलं की दारातूनच "आदरणीय व्यासपीठ" म्हणायचं आणि बाई मुकाट्यानं हजेरी लावायच्या.

ही सगळी करामत धीरमण्याची. धीरमणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा मणी, कानामागच्या हाडावर कातडीखाली बसवायचा. तो आल्यापासून सभेत उभं राहिल्यावर पाय लटपटणं, घशाला कोरड पडणं, पाठ केलेलं ऐनवेळी विसरणं ही दुखणी देवीच्या रोगासारखी नाहीशी झाली होती. सगळा मुलूख खणखणीत बोलत होता. ऐकत कोण होतं हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता, कारण प्रत्येकाला स्वतःची पाळी यायची घाई.

तो एक सोडलेला माणूस म्हणजे ओजस थळे. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं ओजस, आणि आवाज असा की सभेत पहिल्या शब्दाला भरलेलं कापरं शेवटच्या शब्दापर्यंत उतरायचं नाही. त्याच्या बायकोला, सान्वीलाही मणी नव्हता. पण तिला त्याची गरजच नव्हती. ती मुळातच कुणाच्या बापाला भीत नसे.

आता काळखारची गंमत अशी, की गाव भरतीच्या पाण्याच्या खाली. भातशेती खाली, तळं खाली, घरं खाली. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीदगडाचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार, त्याला म्हणायचं उघाडी. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायची. समुद्र दरसाल चढत होता आणि बांध होता तिथंच होता. ओजस या बांधाच्या समितीचा सचिव. त्याचं घरही बांधाच्या पायथ्याला, गावातलं पहिलं. उघाडीशी खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि ओहोटीतसुद्धा तिथून पाणी पाझरत होतं. साऱ्या गावानं एक दिवस हात लावला असता तर काम झालं असतं. तेवढा एक दिवस मागायला ओजस दर सभेत उभा राहत होता.

पण सभेत त्याला जागा मिळायची ती आभारप्रदर्शनाची. आणि आभार मानायला कुणी उठलं की श्रोते चपला शोधू लागतात, हे काही काळखारचंच वैशिष्ट्य नव्हे.

"त-तर मी अध्यक्षांचे आ-आभार मानतो," ओजस म्हणे, "मंडपवाल्यांचे आभार मानतो, आणि उघाडीपाशी ब-बांधाला..."

"काका, चहा गार होतोय!"

"बांधाला आ-आतून पोकळी..."

सरपंच रुद्र कडू उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवत. सरपंचांचा आवाज असा, की नुसतं "बसा" म्हणाले तरी माणसाला आपला सत्कार झाल्यासारखं वाटे. "ओजसदादा, विषय फार महत्त्वाचा आहे. पण तुम्ही असं बोलता की बांधापेक्षा आम्हाला तुमचीच काळजी वाटते. जरा पाणी प्या. बांधाचं पुढच्या सभेत घेऊ."

पुढच्या सभेत पुन्हा तेच.

त्या सभेहून ओजस घरी आला आणि दारातलं घमेलं त्यानं भिरकावून दिलं. "मूर्ख आहेत सगळे! पाणी गळ्याशी आलं तरी म्हणतील, जरा स-सुस्पष्ट बोला!"

सान्वी अंगणात सुकट निवडत होती. "मग बोला ना सुस्पष्ट."

"मी मणी बसवून घेणार."

तिचा हात थांबला. "बसवा. पण मला काय कळणार मग?"

"तुला काय क-कळायचंय?"

"मला बघायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, मला मासे साफ करता येतात. 'मासे'वर तुमचा आवाज असा घसरला की मी तिथल्या तिथं ओळखलं, याला कोलंबी सोलतासुद्धा येत नाही. आणि म्हणून हो म्हटलं. म्हटलं, हा माणूस खोटं बोलला तर मला कळेल. बाकीचे तीन स्थळवाले मणी लावून आले होते. काय बोलले देवाला ठाऊक, पण सगळंच खरं वाटत होतं."

ओजसला हे आधीच माहीत होतं. पण माणूस चिडला की माहीत असलेलं उपयोगी पडत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं शहर गाठलं.

मणी बसवणाऱ्या डॉक्टर मृण्मयी सोवनी. मण्याची कल्पनाही त्यांचीच. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तुम्ही घाबरता म्हणून आवाज कापतो, की आवाज कापतो म्हणून घाबरता?"

"हा काय प्र-प्रश्न झाला? घाबरतो म्हणून कापतो."

"ते अर्धं झालं. उरलेलं अर्धं ऐका. आपण बोलतो ते सगळ्यांत आधी आपलाच कान ऐकतो. मेंदू तिथं श्रोत्यासारखा बसलेला असतो. आत काय चाललंय याचा अंदाज तो बराचसा या आवाजावरून बांधतो. आवाज कापला की तो म्हणतो, अरेच्चा, हा माणूस भ्यालाय. लगेच छाती धडधडायला लागते, घसा आवळतो, आवाज आणखी कापतो. मग मेंदू म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो?"

"म्हणजे म-मीच मला घाबरवतो?"

"अगदी. मणी या दोघांच्या मध्ये उभा राहतो. तुमचा आवाज उचलतो, त्यातलं कापरं गाळतो आणि हाडावाटे कानाला स्वच्छ आवाज ऐकवतो. मेंदू फसतो. त्याला वाटतं, गडी तर निवांत आहे! तसं वाटलं की घसा सैल. पावसाळाभर असं चाललं की घशाला तेच वळण पडतं. मग मणी काढून टाकला तरी चालतो."

"आणि पुन्हा प-पहिल्यासारखं व्हायचं असलं तर?"

डॉक्टर हसल्या. "तसं आजवर कुणी मागितलेलं नाही."

"धोका काही?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की ओजसनं मान पुढे केली.

मणी बसला आणि ओजसचं सुरवंटाचं फुलपाखरू झालं म्हणतात तसं काही झालं नाही. झालं ते असं, की एके सकाळी त्यानं म्हशीला "हो बाजूला" म्हटलं आणि म्हैस खरोखर बाजूला झाली. त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग तो बांधावर उभा राहून खाडीला भाषणं देऊ लागला. बगळे ऐकायला जमत असं गावकरी सांगतात. बगळ्यांचं मी मनावर घेत नाही, पण भाषण खरंच जमत होतं.

भाषणाची सुरुवात त्यानं हाळीनं करायची ठरवली, आणि इथं हाळीची रीत सांगितली पाहिजे. बांध फुटलेला जो पहिल्यांदा पाहील त्यानं बांधावर उभं राहून हाळी द्यायची, आणि ऐकेल त्यानं ताटावरून उठून फावडं-घमेलं घेऊन धावायचं, अशी काळखारची जुनी रीत. हाळीला शब्द नसत. खाडीच्या वाऱ्यावर शब्द टिकत नाहीत. नुसता "होऽऽ". म्हैस चुकली तरी होऽऽ, जेवायला बोलवायचं असलं तरी होऽऽ. फरक एवढाच, की फुटलेला बांध पाहिलेल्या माणसाचा होऽऽ फाटतो. त्या फाटण्यावर गाव धावे. मध्यंतरी बांधावर पाणी मोजणारी यंत्रं बसली होती, ती खेकड्यांनी खाल्ली. (तारा खाल्ल्या, पण काळखारकर यंत्रं खाल्ली असंच सांगतात.) फोनवर धोक्याचे इशारे येत, पण तेही धीरगंभीर आवाजात आणि रोजच्या रोज, म्हणून लोकांनी ते बंद करून ठेवले होते.

एका दुपारी ओजस उघाडीपाशी तालीम करत होता. तिथून घर दिसत नाही, मध्ये बांधाचं वळण आहे. हाळी दिली, पण ती खरी वाटते की नाही हे कळेना, म्हणून त्यानं घरी फोन लावून सांगितलं, "सान्वी, धाव! बांध फुटला!"

सान्वी भाकरी तव्यावर टाकून अनवाणी धावली. वळणावर कालवांच्या शिंपांनी तिचा तळपाय उभा चिरला. रक्ताळलेल्या पायानं ती उघाडीशी पोचली तेव्हा ओजस दोन्ही हात पसरून खाडीला म्हणत होता, "मित्रहो, ही हाळी तुम्हाला ऐकू येते आहे का?"

"कुठं फुटलाय?"

"फुटला नाही गं. सुरुवात आहे भाषणाची. खरं वाटलं ना तुला?" त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. मग त्याची नजर तिच्या पायाकडे गेली. "अरे, हे काय झालं? मला माफ कर. मला खरोखर फार वाईट वाटतंय."

सान्वीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "वाईट वाटतंय?"

"फारच."

"मला कळत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटतंय की नाही तेच मला कळत नाही. यापुढं शब्दांनी बोलावलंत तर मी यायची नाही. आवाज कापला तरच येईन."

सभेचा दिवस आला. या खेपेला आभारप्रदर्शनाला उठलेल्या ओजसनं आभार मानलेच नाहीत. त्यानं हाळी दिली. चपलांकडे गेलेले हात तिथंच थांबले. मग तो बोलला, बांध कोणी रचला, खेकडा बांध कसा पोखरतो, पोकळीतलं पाणी कसं दबा धरून बसतं, आणि येत्या उधाणाच्या भरतीला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या भरतीला, काय होईल. त्यानं खाडी सभेत आणून सोडली. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. चहा खरोखर गार झाला आणि कुणी तक्रार केली नाही.

सरपंच उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "असं भाषण काळखारनं ऐकलेलं नाही. मी ठराव मांडतो."

ओजस मनात घमेली मोजू लागला.

"ओजस थळे यांच्या ओजस्वी भाषणाबद्दल ही सभा त्यांचं मनःपूर्वक अभिनंदन करते!"

टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर.

"आणि बांध?" ओजस म्हणाला.

"वा! शेवटसुद्धा काय केलात!" सरपंच म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या.

यानंतरचे दिवस ओजसनं दातओठ खात काढले. शेजारच्या गावांतून बोलावणी आली. जिथं जाई तिथं तो बांधाबद्दल बोले आणि लोक त्याला नारळ देत. घरात नारळ ठेवायला जागा उरली नाही आणि बांधावर एकही घमेलं पडलं नाही. पूर्वी लोक ऐकत नव्हते तेव्हा त्याला निदान एवढी आशा होती, की ऐकलं तर करतील. आता ते ऐकत होते, शब्दन् शब्द ऐकत होते. रस्त्यात भेटले की तोंडपाठ म्हणून दाखवत. "'पोकळीतलं पाणी दबा धरून बसतं!' काय वाक्य आहे, ओजसदादा!" तो ओरडे, "वाक्य नाहीये ते! पाणी आहे!" आणि समोरचा म्हणे, "हेही छान."

घरी तर त्याहून वाईट. कालवण कसं झालंय हे विचारणं सान्वीनं सोडून दिलं होतं. तो "झकास" म्हणे, आणि त्या झकासमधून तिला काहीच हाती लागत नसे. "तुम्ही समोर असता," ती एकदा म्हणाली, "पण फोनवरच्या सूचनेसारखे."

शेवटी त्यानं मणी काढून घेतला. आवाज तसाच राहिला. त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

"मला माझं कापरं परत पाहिजे."

"घशाला एकदा वळण पडलं की..." डॉक्टर म्हणाल्या. "आणि आताच्या आवाजात तुम्हाला नको असं काय आहे? उत्तम बोलता तुम्ही."

"उत्तम बोलतो, म्हणून कुणाला खरं वाटत नाही! भीती जाईल म्हणाल्या होतात तुम्ही. हे असं होईल हे नव्हतं सांगितलं."

"ते आमच्याही नंतर लक्षात आलं. खोटं बोलताना, चुकीचं बोलताना आवाज किंचित अडखळतो. तेही आधी आपल्याच कानाला कळतं, आणि मग माणूस स्वतःला सावरतो. भीतीचं कापरं कुठलं आणि मनाच्या टोचणीचं कुठलं, हे मण्याला कळत नाही. तो दोन्ही गाळतो."

"डॉक्टर, तुम्हालाही मणी आहे?"

"सगळ्यांत पहिला माझाच."

"मग धोका अजिबात नाही असं म्हणालात, ते तपासून म्हणालात?"

त्याच सुरेख आवाजात उत्तर आलं, "म्हणाले तेव्हा मला पक्की खात्री वाटत होती."

"कशावरून?"

"माझ्या आवाजावरून."

उधाणाची भरती आली ती भर दुपारी, लख्ख उन्हात. त्या दिवशी गावानं ओजसच्या सत्काराचा मंडप घातला होता. सारं गाव मंडपात. सान्वी घरी, कारण तिचा पाय अजून धड बरा नव्हता आणि सत्काराला तर ती बऱ्या पायानंही गेली नसती. ओजस मंडपात जायच्या आधी उघाडीवर एक नजर टाकायला म्हणून आला.

उघाडीशेजारची माती त्याच्या डोळ्यांदेखत हलली. आधी बोटभर पाणी आलं, मग हातभर, मग एक अख्खी ढेप सुटून शेताच्या बाजूला पडली आणि उघाडीची चौकट कलली. ओजसनं उडी टाकून फळीला पाठ लावली, पाय समोरच्या दगडात रोवले. पाणी कमरेशी फुगलं. पाठ काढली असती तर चौकटीसकट सगळं गेलं असतं. त्यानं तोंड गावाकडे केलं आणि जिवाच्या आकांतानं हाळी दिली.

"होऽऽ!"

ती निघाली शंखासारखी. गोल, भरदार, ओलीसुद्धा न झालेली. खाडीवरून गेली, भातावरून गेली, मंडपात पोचली. आणि वाऱ्यावरून परत आल्या त्या टाळ्या.

"होऽऽ!" त्यानं पुन्हा दिली.

"वन्स मोअर!" मंडपातून कुणीतरी ओरडलं.

त्यानं सरपंचांना फोन लावला. "सरपंच, बांध फुटलाय. मी उघाडीला पाठ लावून उभा आहे. माणसं पाठवा."

"अप्रतिम!" सरपंच म्हणाले. "म्हणजे बांधावरून बोलत बोलत मंडपात प्रवेश करणार? थांबा, फोन ध्वनिक्षेपकाला लावतो, सगळ्यांना ऐकू दे." आणि ओजसच्या प्रत्येक शब्दावर मंडपातून दाद येऊ लागली. त्यानं शिव्या दिल्या. शिव्यांनाही दाद आली. त्यानं फोन तोडला.

पाणी छातीशी आलं. आता सांगायची ती गोष्ट सांगणाऱ्यालाही आवडत नाही. ओजसला भीती वाटत नव्हती. मघापासून त्याच्या कानावर एका निवांत माणसाचा आवाज पडत होता, आणि त्याचा मेंदू आज्ञाधारकपणे समजूत करून घेत होता, की हा माणूस निवांत आहे. पाठीमागं फळी कुरकुरत होती, आणि त्याच्या मनात क्षणभर येऊन गेलं, की खरंच फुटलाय ना बांध? इतकं काही झालेलं नसेल. मग त्याची नजर शेतातून पुढं सरकणाऱ्या पाण्यावर गेली. ते वळण घेऊन पहिल्या घराकडे, त्याच्याच घराकडे, निघालं होतं.

त्यानं घरी फोन लावला.

"सान्वी, बांध फुटला. घरात थांबू नकोस. मंडपात जा, माणसं घेऊन ये. तुझं ऐकतील."

तिनं शब्द ऐकलेच नव्हते, शब्दांच्या खालचं काहीतरी ती शोधत होती.

"कापला नाही," ती म्हणाली.

"सान्वी, पाणी तुझ्याकडे येतंय!"

"मागं याच आवाजात बोलावलं होतंत. मी काय म्हटलं होतं? कापला तरच येईन."

ओजसनं डोळे मिटले. त्यानं सभा आठवल्या, गार झालेले चहा आठवले, चपला शोधणारे हात आठवले. तिला बघायला गेला तो दिवस आठवला, तो 'मासे' हा शब्द आठवला, तो जिथून घसरला ती घशातली जागा आठवली. ती जागा त्यानं चाचपली, आवळली, हलवून पाहिली. मग एकेक अक्षर मोडत, जमेल तितकं थरथरत तो म्हणाला, "सा-सान्वी, ब-बांध फु-फुटला गं..."

"खोटं!" सान्वी ओरडली. "साफ खोटं! कापल्याचं सोंग करताय!"